उणे चाळीस आणि शेंगदाणी

कुत्र्याला घरात शू करायला शिकवणं, हा काय रेडिओवर बोलायचा विषय आहे का, असं मला पत्नीनं विचारलं. तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. सगळं जग कुत्र्याला घरात न करण्याची शिस्त लावतं आणि तुम्ही निघालात उलटा धडा द्यायला! पण हा उलटा धडा मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी एका अडीच किलोच्या कुत्रीकडून शिकावा लागला, आणि शिकताना माझ्या हातून एक वाईट वागणं झालं. तेव्हा जे झालं ते सांगतो.

माझं बालपण कोकणातलं. आमच्याकडे वाघ्या नावाचा कुत्रा होता, तो बागेचा. आंब्याच्या दिवसांत वानरांवर भुंकायचा, रात्री अंगणात पडून राहायचा. पडवीच्या पायरीपर्यंत त्याची हद्द. त्याचे विधी कुठे होतात हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणाला पडला नाही. गडग्यापलीकडे सगळं रान त्याचंच होतं. शिवाय आम्ही कोकणातले मुसलमान शाफई मताचे. कुत्र्याची लाळ किंवा ओल कपड्याला, भांड्याला लागली तर ते सात वेळा धुवायचं, त्यातली एक वेळ माती लावून. हनफी मताचे लोक इतकं कडक धरत नाहीत, आणि मालिकी मतात तर कुत्रा मुळात नापाक मानलाच जात नाही. पण आमच्या आईला हे शास्त्रभेद सांगायची कुणाची छाती नव्हती. वाघ्याला भाकरी रोज मिळायची, मायाही मिळायची, पण ती पायरीच्या खाली.

2023च्या डिसेंबरात मी कॅनडात एडमंटनला लेकीकडे गेलो. लेक, जावई दोघं नोकरी करतात, नात सहा वर्षांची. घर पाचव्या मजल्यावर. त्यांच्या समोरच्या दारी एक वृद्ध बाई एकट्या राहत होत्या आणि त्यांच्यासोबत एक चिवावा जातीची कुत्री. मेक्सिकोत चिवावा नावाचं राज्य आहे, त्यावरून हे जातीचं नाव. जगातल्या सगळ्यात छोट्या कुत्र्यांपैकी ही एक. वजन अडीच किलो, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्या मांजरापेक्षा कमी. रंग भाजलेल्या शेंगदाण्याचा. नावही पीनट. माझ्या नातीनं तिचं मराठीत बारसं करून शेंगदाणी केलं होतं.

त्या वर्षी तिथला डिसेंबर नेहमीपेक्षा उबदार गेला. बर्फ वितळायचा, रात्री पुन्हा गोठायचा आणि फुटपाथवर काच अंथरल्यासारखी व्हायची. नाताळनंतर त्या बाई तिथेच घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिकेत चढवताना त्यांनी पट्टा माझ्या लेकीच्या हातात दिला. कुत्रीला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. संध्याकाळी घरात ती थरथरत उभी होती. लेकीनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अब्बा, अमानत आहे."

अमानत म्हटल्यावर आमच्यात पुढे बोलता येत नाही. दुसऱ्यानं विश्वासानं ठेवलेली वस्तू, ती जशीच्या तशी परत करायची. वस्तू कसली, तिथे तर जीवच होता. पत्नीचा फोन आला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "नमाज कुठे पढता?" मी म्हटलं, दार लावून.

पहिले दहा-बारा दिवस काही अडचण आली नाही. दिवसातून चार वेळा कुणीतरी तिला खाली न्यायचं, इमारतीच्या मागच्या पट्ट्यात वाळक्या गवताचा एक कोपरा होता, तिथे तिचं काम उरकायचं. मग 2024च्या जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडला आणि आर्क्टिकची थंडी थेट अल्बर्टा प्रांतावर येऊन बसली. पारा उणे चाळीसच्याही खाली गेला. उणे चाळीस हा आकडा गमतीचा आहे. सेल्सिअस आणि फॅरनहाइट ही दोन मापं एरवी कधी एकमेकांशी जुळत नाहीत, ती तिथे एकत्र येतात. पण बाहेर उभं राहिल्यावर गंमत वाटत नाही. श्वास घेतला की नाकातले केस कडक होतात, आणि उघडी कातडी काही मिनिटांत गोठू शकते.

आता एवढ्या थंडीत मोठा हस्की कुत्रा खुशाल बर्फात लोळतो आणि चिवावा मात्र दारातच मोडून पडते, हे का? कारण साधं आहे. चहा किटलीत ठेवला तर बराच वेळ गरम राहतो, बशीत ओतला की दोन फुंकरीत निवतो. चहा तोच, पण बशीत त्याचा पृष्ठभाग पसरलेला असतो. छोट्या प्राण्याचं तसंच. शरीर जितकं लहान, तितकी त्यातल्या मांसाच्या मानानं कातडी जास्त, आणि उष्णता बाहेर जाते ती कातडीतूनच. त्यात चिवावाचे केस तोकडे, अंगावर चरबी नाही, आणि पाय इतके आखूड की पोट बर्फाला टेकतं. कुत्र्याच्या शरीराचं तापमान आपल्यापेक्षा थोडं जास्त, साधारण साडेअडतीस ते एकोणचाळीस अंश. म्हणजे आत एकोणचाळीस आणि बाहेर उणे चाळीस. या ऐंशी अंशांच्या मध्ये एक अडीच किलोचा देह. कुत्र्याच्या पंजात निसर्गानं एक छान सोय केलेली असते. खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देतं, त्यामुळे तळवे सहसा गोठत नाहीत. पण त्या सोयीलाही मर्यादा आहे.

शुक्रवारी सकाळी लेक तिला स्वेटर आणि बूट घालून खाली घेऊन गेली. मीही गेलो. दार उघडताच शेंगदाणीनं एक पाय वर उचलला, मग दुसरा, मग उभं राहायला पाय उरेनात म्हणून ती बसली आणि तशीच कुशीवर कलंडली. लेकीनं तिला कोटाच्या आत घेतलं आणि आम्ही परतलो. दुपारी तेच झालं, रात्रीही तेच. पाणी पीत होती, थोडं खातही होती, पण लघवी नाही. बाईंच्या घरात राहून ती 'घरात करायचं नाही' हा धडा इतका पक्का शिकली होती, की तो मोडायचा तिला धीर होत नव्हता. अशा कुत्र्याचं दिवसभराचं मूत्र अर्धा कप चहाइतकं. आपल्या दृष्टीनं काहीच नाही, पण तिच्या मूत्राशयाला ते पुष्कळ. मोठं निरोगी कुत्रं सात-आठ तास धरू शकतं. त्याहून फार वेळ आणि वारंवार धरावं लागलं, तर त्रास तर होतोच, शिवाय मूत्रमार्गात जंतू वाढायला वाव मिळतो.

शनिवारी पहाटे मी वजू करून नमाजाला उभा राहिलो. तिकडे जानेवारीत आठ वाजून गेले तरी उजाडत नाही. त्या दिवशी दार नीट लागलं नव्हतं. माझा मुसल्ला आईनं हजहून आणलेला, मखमली, जुना. मी सजद्यात होतो आणि कपाळापाशी काहीतरी ऊबदार ओल पसरत आली.

पुढे मी काय केलं ते सांगायला जड जातं. मी ताडकन उठलो, ओरडलो आणि पायातली सपाता काढून उगारली. मारली नाही, पण तिच्या अंगाशेजारी जोरात आपटली. ती कळवळून सोफ्याखाली घुसली. दारात नात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, कुत्रीकडे नाही.

लेकीनं मुसल्ला उचलला आणि काही न बोलता धुवायला घेतला. सात वेळा. माती कुठून आणायची? बाहेरची जमीन दगडासारखी गोठलेली. तिनं खिडकीतल्या पुदिन्याच्या कुंडीतली मूठभर माती काढली आणि तिनं मुसल्ला चोळला. आईची आठवण आली. त्याच संध्याकाळी घरातले सगळे मोबाईल एकदम किंचाळले. थंडीमुळे विजेची मागणी इतकी चढली होती, की नको असलेले दिवे बंद करा असा प्रांतभर इशारा आला होता. आम्ही दिवे मालवले आणि अर्ध्या अंधारात बसून राहिलो. सोफ्याखालून श्वास ऐकू येत होता.

मी लेकीला म्हटलं, "तिला कळत होतं काय केलं ते. बघितलंस ना, कशी अंग चोरून बसली." लेक म्हणाली, "अब्बा, ती तुम्हाला घाबरली. तिनं काय केलं, हे तिला ठाऊकच नाही." मला हे पटेना. पुढे कळलं की यावर न्यूयॉर्कमध्ये रीतसर प्रयोग झालेला आहे. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी 2009 साली तो प्रसिद्ध केला. मालकानं मना केलेला खाऊ कुत्र्यानं खरोखर खाल्ला की नाही, याच्याशी त्याच्या त्या 'अपराधी' चेहऱ्याचा काही संबंध दिसला नाही. संबंध होता तो मालक रागावला की नाही याच्याशी. उलट, काहीच न केलेलं कुत्रं विनाकारण बोलणी खाताना सर्वांत अपराधी दिसत होतं. आपण त्याच्या तोंडावर वाचतो तो कबुलीजबाब आपलाच असतो.

सोमवारी आम्ही तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आधी लघवी तपासली. घरात शिस्तीत वागणारं कुत्रं अचानक भलतीकडे करू लागलं, तर शिकवणीच्या आधी हे तपासायला हवं, कारण जंतुसंसर्ग, मूतखडा किंवा मधुमेह असेल तर कितीही शिकवून उपयोग नाही. तसं काही निघालं नाही. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. शेवटची लघवी कधी केली? कशावर केली? तेव्हा तिला कुणी रागावलं का? तिसऱ्या प्रश्नाला लेक गप्प राहिली. उत्तर मीच दिलं.

बाईंनी समजावलं ते असं. कुत्र्याला 'घर' आणि 'बाहेर' असा भेद आपल्यासारखा कळत नाही. त्याला पायाखाली काय आहे ते कळतं. पिल्लू तीनेक आठवड्यांचं झालं की आपल्या निजायच्या जागेपासून दूर जाऊन करू लागतं, आणि आठ-नऊ आठवड्यांचं होईपर्यंत पायाखालच्या ज्या स्पर्शावर ते करत आलं, तो त्याच्या मनात बसतो. गवतावर वाढलेल्याला गवत हवं, सिमेंटच्या पिंजऱ्यात वाढलेल्याला सिमेंट. शेंगदाणीला गवत माहीत. गवत बर्फाखाली गेलं. मग सगळ्या घरात तिला पायाला गवतासारखं मऊ, ओल शोषून घेणारं काय सापडलं? माझा मुसल्ला. म्हणजे तिनं खोडी केली नव्हती. तिला जेवढी शिस्त माहीत होती, त्यातली सर्वांत जवळची जागा तिनं शोधली होती. आणि नेमकं तेव्हाच मी सपाता आपटली. त्यातून ती काय शिकली? 'या जागेवर करू नये' हे नाही. 'या माणसासमोर करू नये' हे ती शिकली. रागावलेलं कुत्रं माणूस बघून धरून ठेवतं आणि पाठ वळली की पलंगामागे जाऊन मोकळं होतं. लोक त्याला लबाड म्हणतात.

दिवसभर घरात मीच असायचो. त्यामुळे शिकवणीही माझ्याकडेच आली.

तिकडे प्रत्येक घराच्या दारात ओले बूट ठेवायला रबरी ताट असतं, कडा जेमतेम बोटभर उंच. तसं एक ताट आम्ही न्हाणीघराच्या कोपऱ्यात ठेवलं. त्यात बाळाच्या लंगोटासारखं शोषून घेणारं पॅड, आणि त्यावर प्लॅस्टिकच्या हिरवळीचा एक तुकडा. नुसतं पॅडही चालतं, पण तिच्या पायांना ओळखीचं काहीतरी हवं होतं. कुत्रा असता तर मागे एखादा उभा खांबही लागला असता, कारण नराला पाय वर करायला आधार हवा असतो. मादी बसून करते, त्यामुळे तेवढं वाचलं. न्हाणीघरातलं, दारातलं, पलंगाजवळचं पायपुसणं उचलून ठेवलं. सगळीकडे मऊ अंथरायचं आणि त्यातल्या एकाच मऊ जागेवर कर असं सांगायचं, हा तिच्यावर अन्याय झाला असता.

आता त्या जागेला वास हवा होता. कुत्रं नाकानं वाचतं, आणि स्वतःच्या जुन्या लघवीचा वास हीच त्याला इथे करायचं असते याची पाटी. पण मुसल्ला तर आम्ही सात वेळा धुतलेला. मग मी एक दिवस कोट, टोपी, दोन पायजमे, दोन मोजे असा जामानिमा करून खाली उतरलो आणि तिच्या कोपऱ्यातला पिवळा बर्फ चमच्यानं खरवडून डब्यात भरून आणला. वरच्या खिडक्यांतून कुणी पाहिलं असेल तर त्यांना काय वाटलं असेल, अल्ला जाणे. महाराष्ट्रातला एक पन्नाशी उलटलेला कवी, हातात प्लॅस्टिकचा डबा, पिवळा बर्फ निवडतो आहे. तो बर्फ पॅडवर वितळू दिला.

यापुढचं काम घड्याळाचं. कुत्र्याला लागते ती ठरावीक वेळांना: झोपून उठल्यावर, खाल्ल्यानंतर पाव ते अर्ध्या तासात, आणि खेळून दमल्यावर. पोटात अन्न पडलं की आतडी हलू लागतात, हे आपल्यासारखंच. पिल्लाच्या बाबतीत ढोबळ हिशेब असा सांगतात, की वयाचे जितके महिने त्यात एक मिळवा, तेवढे तास ते जास्तीत जास्त धरू शकेल. मी कवितेच्या वहीची मागची पानं घेतली आणि त्यात वेळा लिहू लागलो. सात दहाला पाणी, साडेसातला खाणं, पावणेआठला न्हाणीघर. खाण्यात थोडं कोमट पाणी मिसळायचो. मधल्या वेळात तिचा पट्टा माझ्या कमरेला बांधलेला, म्हणजे ती नजरेआड जाऊन कुठे उरकणार नाही. जमिनीचा वास घेत गोल गोल फिरू लागली की उचलून ताटापाशी न्यायचं. तिथे पाचेक मिनिटं थांबायचं. नाही केलं तर काही न बोलता परत यायचं आणि वीस मिनिटांनी पुन्हा जायचं.

तीन दिवस काही झालं नाही. म्हणजे लेक संध्याकाळी आली की तिच्यासमोर ती एकदा कशीबशी करायची, माझ्यासमोर नाही. मी दारात उभा राहिलो की ती ताटावर चढायची, माझ्या पायांकडे बघायची आणि उतरायची. माझ्या पायांत तीच सपाता होती, हे नातीच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "नाना, चप्पल काढा ना. आणि तिकडे बघू नका. मलाही कुणी बघत असलं की होत नाही." डॉक्टरीणबाईंना जे सुचलं नव्हतं ते या पोरीला सुचलं. चौथ्या दिवशी मी अनवाणी, तिच्याकडे पाठ करून, न्हाणीघराच्या उंबऱ्यात खाली बसलो. वर्तमानपत्र नव्हतं म्हणून शाम्पूच्या बाटलीवरचं वाचत राहिलो. पट्टा थोडा ढिला पडला. मग हिरवळीवर अगदी बारीक आवाज आला.

या क्षणी लोक आनंदानं ओरडतात. तसं करायचं नाही, कारण अर्ध्यावर थांबते. पूर्ण होऊ द्यायचं, आणि झाल्याबरोबर, एका-दोन सेकंदांत, तिथेच बक्षीस द्यायचं. मी उकडलेल्या कोंबडीचे हरभऱ्याएवढे तुकडे खिशात ठेवले होते. बक्षीस स्वयंपाकघरात नेऊन दिलं तर कुत्र्याला वाटतं, स्वयंपाकघरात आल्याबद्दल मिळालं. तुकडा देताना माझ्या बोटांना तिची जीभ लागली. मी नंतर हात धुतले, कुंडीतली माती घेऊन, नियमाप्रमाणे. पण तिची जीभ लागू दिली.

करत असताना हळू आवाजात एकच शब्द म्हणत राहिलं, तर काही दिवसांनी तो शब्द ऐकून ती करते. अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांना असं सांगितल्या जागी करायला शिकवलेलं असतं. आमचा शब्द नातीनं ठरवला, "शू कर." ती स्वतः दोन-अडीच वर्षांची असताना लेकीनं तिला हेच शब्द सांगितले होते.

दुसऱ्या विधीला आणखी आठवडा गेला. त्यासाठी कुत्र्याला दोन-चार फेऱ्या मारायला जागा लागते आणि ताट तोकडं पडत होतं. शेजारी दुसरं ठेवलं. ओलं झालेलं पॅड लगेच बदलायचं, घाणीवर पाय द्यायला कुत्र्यालाही आवडत नाही. पण पहिल्या दिवसांत जुन्या पॅडचा छोटा तुकडा नव्याखाली सरकवायचा, म्हणजे पाटी पुसली जात नाही. भलतीकडे झालं असेल तिथे मात्र उलट करायचं, वास मुळापासून घालवायचा. त्यासाठी विकरं असलेलं द्रव मिळतं, ते लघवीतले घटक फोडून टाकतं. अमोनिया असलेलं फिनेल टाळावं. लघवीलाही अमोनियाचाच वास असतो, तेव्हा आपण पुसण्याऐवजी पाटी ठळक करतो. आणि चूक आपल्याला नंतर सापडली, तर गुपचूप पुसून टाकायची. नाक घासणं, ओढत नेऊन दाखवणं, यातून कुत्र्याला फक्त भीती कळते. महिनाभरात अशा चुका चार झाल्या, त्यातली एक माझ्या उशीवर. चारही वेळा वहीत बघितलं तर माझीच वेळ चुकलेली होती.

या शिक्षणाची एक किंमतही आहे, ती लपवत नाही. घरातल्या पॅडवर शिकलेल्या कुत्र्याला पाहुण्यांकडचं पायपुसणंही पॅडच वाटू शकतं. म्हणून थंडी ओसरली की बाहेरचं सोडून द्यायचं नाही. फेब्रुवारीत पारा उणे पाच-सातवर येई, तेव्हा आम्ही तिला पाच-दहा मिनिटं खाली नेऊ लागलो, तिथेही तोच शब्द आणि तोच तुकडा. परत आल्यावर पंजे कोमट पाण्यानं पुसायचे, कारण रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ तळव्यांना चिरा पाडतं आणि चाटलं तर पोटात जातं. गाड्यांखाली सांडलेलं हिरवट द्रव त्याहून वाईट. इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून ते घालतात, चवीला गोड असतं, आणि एवढ्या लहान कुत्रीची मूत्रपिंडं निकामी करायला चमचाभरही पुरे.

आपल्याकडे उणे चाळीस नाही. पण मुंबई-पुण्यात आता दहाव्या, पंधराव्या मजल्यावर छोटी कुत्री राहतात, आणि जुलैत तीन-तीन दिवस धार लागते. तुंबलेल्या पाण्यातून लेप्टोची भीती माणसाला आहे तशी कुत्र्यालाही आहे. तिथे हेच ताट, हेच घड्याळ गच्चीच्या कोपऱ्यात कामाला येईल. फक्त पावसाच्या आधी, मे महिन्यातच सुरुवात करा. आम्ही तहान लागल्यावर विहीर खणली. पॅड महाग वाटलं तर वर्तमानपत्राच्या चार घड्याही चालतात, पिढ्यान्‌पिढ्या पिल्लं त्यावरच शिकली. मात्र मग रविवारची पुरवणी जमिनीवर ठेवून चहा घ्यायला जाऊ नका.

मार्चअखेर त्या बाई वॉकर घेऊन घरी परतल्या. खाली अजून बर्फ होता आणि त्यांना पुढचे कितीतरी आठवडे बाहेर पडायची मनाई होती. शेंगदाणीनं त्यांना पाहून जो आवाज काढला, तो मी पुन्हा ऐकलेला नाही. लेकीनं दोन्ही ताटं, पॅडची पिशवी आणि वहीची फाडलेली पानं त्यांच्याकडे नेऊन दिली. आकडे त्यांना कळण्यासारखे नव्हते, कारण मी ते सवयीनं मराठीत लिहिले होते. नातीनं शेजारी बसून सगळे पुन्हा लिहून दिले. मग बाईंनी विचारलं, तिला सांगायचं काय? नात म्हणाली, "शू कर." बाईंनी दोन-तीनदा घोकलं, पण त्यांच्या तोंडी दोन्ही शब्द जोडून 'शूकर' असंच येत राहिलं. बी.ए.ला मराठी घेतलेला मी दारात उभा होतो. शूकर म्हणजे डुक्कर, हे तिथे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मी दुरुस्ती करायला तोंड उघडणार, एवढ्यात शेंगदाणी उठली, नव्या जागी ठेवलेल्या ताटापाशी गेली, एकदा वास घेतला आणि बसली.